जिऑलॉजिकल सर्व्हेचे १५० वर्षांपूर्वीचे रिपोर्ट आपल्या तालुक्यासाठी कसे वाचायचे

बोअर कुठं मारायचं, विहिरीला ४० फुटांवर पाणी लागेल की १०० वर, माळावरच्या त्या काळ्या जड दगडात खरंच मँगनीज आहे की नुसती आवई, असले प्रश्न आले की आपण पाणाड्याला गाठतो नाहीतर ग्रुपवर विचारतो. पण तुमच्या भागातून १८६०-७० च्या आसपास जिऑलॉजिकल सर्व्हेचा, म्हणजे खडक-खनिजं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, कुणीतरी माणूस हातोडी आणि होकायंत्र घेऊन फिरून गेलेला असू शकतो, त्याने नाल्यात उतरून खडक बघितलेत, लिहून ठेवलेत, आणि ते सगळं आज ऑनलाइन फुकट पडलंय, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. मी काही वर्षं हे रिपोर्ट छंद म्हणून वाचतोय, सुरुवातीला भरपूर आपटलोय, म्हणून हे लिहितोय.

एकच गोष्ट आधी डोक्यात बसवा, बाकी सगळं तिच्यावरच चालतं. त्या माणसाने काय बघितलं आणि त्याला काय वाटलं, हे दोन वेगवेगळ्या खात्यात टाकायचं. वाचताना मी वहीत मध्ये रेघ मारतो, डावीकडे बघितलेलं, उजवीकडे वाटलेलं. डावी बाजू आजही सोन्यासारखी आहे, उजवी बाजू बऱ्याचदा शिळी झालेली असते.

आता हा सर्व्हे मुळात कशाला काढला ते थोडक्यात, कारण त्यावरून कुठं काय सापडेल ते कळतं. कंपनी सरकारला पाहिजे होता कोळसा. आगबोटींना कोळसा लागायचा, मग रेल्वे आली. १८३६ ला कोळशासाठी कमिटी बसली, १८४६ मध्ये डी. एच. विल्यम्स नावाचा सर्व्हेअर नेमला, तो दोनच वर्षांत जंगलातल्या तापाने गेला, आणि ४ मार्च १८५१ ला थॉमस ओल्डहॅम कलकत्त्याला रुजू झाला, तीच जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाची सुरुवात धरतात. ओल्डहॅमचं म्हणणं असं की नुसतं कोळसा-कोळसा करत धावून उपयोग नाही, आधी अख्ख्या देशाचा खडकांचा नकाशा नीट करा, मग खनिजं आपोआप सापडतील. वरचे लोक मात्र विचारायचे, कोळसा कुठाय? म्हणून जिथं कोळसा निघायची शक्यता तिथले रिपोर्ट जाडजूड, आणि आपल्या काळ्या कातळाच्या मुलखाला बऱ्याचदा चार ओळी आणि एक रंग. तुमचा तालुका सगळाच्या सगळा एकाच रंगात रंगवलेला दिसला तर निराश होऊ नका, ज्याने रंगवला त्याला तिथं थांबायला वेळच दिलेला नव्हता. अशा वेळी नकाशा सोडा आणि मजकूर वाचा, मजकुरात एखाद्या घाटाचं किंवा नदीच्या दरडीचं वर्णन सापडतं.

कुठलं पुस्तक उघडायचं? दोन मुख्य मालिका आहेत. मेमॉयर्स, १८५६ पासून, हे मोठे रिपोर्ट, एकेक प्रदेश घेऊन लिहिलेले. आणि रेकॉर्ड्स, १८६८ पासून, यात छोट्या नोंदी, वर्षाचा अहवाल, एखाद्या खाणीवर चार पानं, एखाद्या विहिरीवर दोन पानं. लोक मेमॉयर्सच्या मागे लागतात पण माझा अनुभव असा की पाण्याच्या आणि फुटकळ खनिजांच्या नोंदी रेकॉर्ड्समध्ये जास्त. आपल्याकडच्यांसाठी सांगायचं तर खानदेश आणि तापी खोऱ्यासाठी विल्यम ब्लॅनफर्डचा १८६९ चा मेमॉयर, दक्षिण कोकणासाठी विल्किन्सनची १८७१ ची रेकॉर्ड्समधली नोंद, कोल्हापूर-बेळगाव-कलादगी पट्ट्यासाठी रॉबर्ट ब्रूस फूटचा १८७६ चा, चंद्रपूर-वणी-वरोरा कोळशासाठी ह्यूजचा १८७७ चा, आणि नागपूर-भंडारा-बालाघाटच्या मँगनीजसाठी फर्मोरचा १९०९ चा, तो तर हजाराच्या वर पानांचा आहे, छापून काढायच्या भानगडीत पडू नका.

हे सगळं एकेक उघडत बसण्यापेक्षा शॉर्टकट दोन. १८८१ मध्ये व्हॅलेंटाइन बॉलने देशाच्या खनिजांवर एक खंड काढला, त्यात सोनं, लोखंड, तांबं, मीठ अशी खनिजवार आणि त्याखाली प्रांतवार मांडणी आहे. आणि १९१७ नंतर ला टूशने सगळ्या जुन्या लिखाणाची सूची केली, तिचा एक भाग खनिज-निहाय आहे. या दोन्हीत आधी तुमचा जिल्हा शोधायचा, तिथून मूळ रिपोर्टचा खंड नंबर घ्यायचा, मग मूळ रिपोर्टवर जायचं. आर्काइव्ह डॉट ऑर्ग आणि बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी, दोन्हीकडे हे बहुतेक खंड आहेत. एक त्रास सांगून ठेवतो, काही स्कॅनमध्ये घडीचा नकाशा घडी न उघडताच स्कॅन केलेला असतो, म्हणजे तुम्हाला नकाशाची पाठ आणि एक कोपरा एवढंच दिसतं. चिडू नका, त्याच खंडाची दुसऱ्या लायब्ररीतून आलेली प्रत बघा, एखाद्यात उघडलेला सापडतो.

सर्च करताना स्पेलिंगचा घोळ. पुण्याला पी डबल ओ एन ए हे सगळ्यांना माहीत असतं, पण नर्मदा ही नर्बुड्डा, तापी ही डबल ई वाली ताप्ती, जबलपूरला जब्बलपूर, चंद्रपूरला चांदा, कामठीला कॅम्प्टी, वऱ्हाडाला बेरार, कृष्णेला किस्टना. जुन्या काळात साहेबाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं लिहायचे, १८७० च्या दशकात नावं इंग्रजीत लिहायची हंटर साहेबाची ठरावीक पद्धत आली तेव्हा कुठं जरा शिस्त लागली. म्हणून १८७० च्या आधीचा रिपोर्ट असेल तर गावाचं नाव साहेबासारखं तोंड वाकडं करून मोठ्याने म्हणा, ऊ च्या जागी डबल ओ, ई च्या जागी डबल ई, अ च्या जागी कधी कधी यू, असं घालून तीन-चार प्रकारे शोधा. तरी नाही सापडलं तर नदीच्या किंवा शेजारच्या मोठ्या बाजारगावाच्या नावाने शोधा. आणि जिल्हे तेव्हाचे लक्षात ठेवा, जळगाव-धुळे-नंदुरबार मिळून खानदेश, सिंधुदुर्ग जिल्हा नव्हताच, तो भाग रत्नागिरीत आणि सावंतवाडी संस्थानात.

आता नकाशा. इथं मी स्वतः आपटलो ते सविस्तर सांगतो, म्हणजे तुमचा तरी रविवार वाचेल. विदर्भातला एक इंटरट्रॅपियन थर बघायचा होता, म्हणजे दोन लाव्ह्यांच्या मधे तळ्यात साचलेला गाळ, त्यात बारीक शंख असतात. जुनी शीट क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली, कोपऱ्यावर अक्षांश-रेखांश छापलेलेच होते, तेच भरले, नकाशा झकास बसला असं वाटलं. गाडी काढून गेलो तर जिथं थर पाहिजे तिथं सपाट रान आणि कपाशी. तासभर नाले तुडवले, काही नाही. शेवटी बांधावर बसलेल्या एका आजोबांना मोबाईलवर फोटो दाखवला. म्हणाले, "हा शंखाचा गोटा ना भाऊ, तो इथं नाही हाये, तिकडं मावळतीकडं, दुसऱ्या गावच्या शिवारात हाये." मी म्हटलं, "आजोबा, नकाशात तर इथंच दाखवलाय." तर म्हणे, "मंग नकाशाच चुकला असन." आणि खरंच तसंच होतं, सव्वाचार किलोमीटर पश्चिमेला थर सापडला.

झालं असं होतं की जुन्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या (हे नकाशे काढणारं वेगळं खातं) नकाशांचे रेखांश मद्रास वेधशाळेच्या रेखांशाच्या जुन्या किमतीवरून काढलेले असायचे, ती किंमत जरा जास्त होती, त्यामुळे सगळे रेखांश अडीच ते तीन मिनिटांनी जास्त छापलेत. अडीच मिनिटं ऐकायला काहीच नाही, पण आपल्या अक्षांशावर ते सव्वाचार ते सव्वापाच किलोमीटर होतात. शीटच्या कडेला बारीक अक्षरात किती वजा करायचे ते बऱ्याचदा लिहिलेलं असतं, मी ते वाचलंच नव्हतं. तेव्हा कोपऱ्यांवर भरोसा ठेवू नका, नद्यांचे संगम, जुनी देवळं, किल्ले अशा न हललेल्या सहा-सात खुणा धरून नकाशा बसवा. गाव धरू नका, गावं हलतात. आणि धरणांचं भान ठेवा, ब्लॅनफर्डने फिरलेल्या तापी खोऱ्याचा काही भाग आज उकाईच्या पाण्याखाली आहे, उजनी-कोयनेचीही तीच गत, तिथं जुनं वर्णन हाच आता उरलेला पुरावा.

नकाशावरचे रंगही प्रत्येक रिपोर्टात वेगळे असतात, एकाचा हिरवा म्हणजे दुसऱ्याचा हिरवा नव्हे, दरवेळी बाजूची सूची बघायची. सलग रेघ असेल तर त्याने ती हद्द बघितली, तुटक असेल तर अंदाजाने ओढली, पुन्हा तेच, बघितलेलं आणि वाटलेलं. स्केल बहुतेक इंचाला ४ मैल किंवा इंचाला १ मैल. इंचाला ४ मैलवाल्या नकाशावर पेन्सिलच्या टोकाची जाडी म्हणजे जमिनीवर दीड-दोनशे मीटर, त्यावरून बोअरचा पॉइंट काढायला जाऊ नका, एवढी विनंती.

शब्द. यातले काही शब्द तर आपलेच आहेत, मुरूम तसाच मुरूम, कंकर (चुनखडीचे गोटे) तसाच कंकर, नाला आणि घाटही तेच. ट्रॅप म्हणजे आपला काळा कातळ, पायऱ्या-पायऱ्यांचे डोंगर दिसतात म्हणून जिन्याच्या स्वीडिश शब्दावरून आलेलं नाव. लॅटराइट म्हणजे जांभा, हे नाव फ्रान्सिस बुकाननने १८०७ मध्ये मलबारातल्या विटांसारख्या कापल्या जाणाऱ्या दगडावरून दिलं. रेगूर म्हणजे काळी कापसाची माती. बोल किंवा रेड बोल म्हणजे दोन लाव्ह्यांच्या मधला लाल मातकट पट्टा, विहीर खणणारे त्याला गेरू म्हणतात. अमिग्डलॉइडल ट्रॅप म्हणजे बुडबुड्यांच्या पोकळ्या पांढऱ्या खनिजांनी भरलेला खडक, आपला मांजऱ्या. हे शब्द पाण्यासाठी महत्त्वाचे आहेत म्हणून पाठच करा. घट्ट काळ्या पाषाणात पाणी फक्त भेगांमध्ये, झिजलेल्या मांजऱ्यात जास्त मुरतं, आणि लाल पट्ट्यावर पाणी बऱ्याचदा अडून बसतं. रिपोर्टात एखाद्या घाटाचं वर्णन खालून वर थर-थर मोजून दिलेलं असेल, घट्ट, मग लाल, मग मांजऱ्या, मग परत घट्ट, तर ती म्हणजे तुमच्या भागाच्या भूजलाची चाळ आहे, कुठल्या मजल्यावर पाणी राहतं ते कळतं. एकच, हे थर बाजूला पातळ होत जातात, कुठं संपूनही जातात, म्हणून १० किलोमीटरवरचं वर्णन उचलून आपल्या शेताला लावायचं नाही.

कंकर की दुसरा पांढरा दगड अशी शंका आली तर पातळ केलेल्या ॲसिडचे दोन थेंब टाका, कंकर फसफसतो, गारगोटी ढिम्म राहते. चष्मा लावून, मुलांना लांब ठेवून.

आता वाटलेल्या गोष्टींबद्दल. लोणारचं उदाहरण घ्या. १९१२ मध्ये ला टूश आणि ख्रिस्ती यांनी रेकॉर्ड्समध्ये लोणार सरोवरावर लिहिलं, पाण्यातल्या क्षारांचा अभ्यास मन लावून केला, पण खड्डा कसा झाला तर त्यांचं मत ज्वालामुखीकडेच. १९७३ मध्ये तिथल्या खडकात प्रचंड धक्क्यानेच होणारे बदल दाखवले गेले आणि उल्केच्या आघाताचा खड्डा हे पक्कं झालं. म्हणजे क्षारांच्या नोंदी आजही वापरा, ज्वालामुखी सोडून द्या. पण उलटंही होतं हं. १८५६ मध्ये ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड यांना ओडिशात तालचेरला मऊ गाळात मोठमोठे गोटे रुतलेले दिसले आणि त्यांनी लिहिलं की हे बर्फाने आणलेले असावेत. ओडिशात बर्फ! ते खरं निघालं. तेव्हा उजवं खातं फाडून टाकू नका, फक्त त्याच्यावर पैसे लावू नका.

कधी फिरले हेही बघा. ही मंडळी साधारण पावसाळा संपला की बाहेर पडायची, उन्हाळा तापला की परत, आणि पावसाळ्यात कलकत्त्यात बसून लिहायची. त्यामुळे नाला कोरडा, विहिरीत पाणी इतक्या फुटांवर, असं वाचलं की महिना शोधा, जानेवारी आणि एप्रिलमध्ये आपल्याकडे जमीन-अस्मानाचा फरक पडतो. महिना नसेल तर ती नोंद अर्धीच. आणि मुक्काम रस्त्याकडेच्या गावांना, म्हणून रस्त्यापासून लांबचा भाग पातळ.

मापांमध्ये सगळ्यात मोठा सापळा मण. बंगालचा मण सुमारे ३७.३ किलो, मुंबईचा १२.७, मद्रासचा ११.३. म्हणजे १०० मण लोखंड म्हटलं तर ते ३,७३२ किलो की १,२७० की १,१३४, लेखकाने कुठला मण धरलाय त्यावर सगळं. एकाच रिपोर्टात दोन मण पण भेटतात. टन म्हणजे २,२४० पौंडांचा, १,०१६ किलो. तापमान फॅरनहाइटमध्ये, ३२ वजा करा, ५ ने गुणा, ९ ने भागा, तर १२० चे ४९ होतात. हे मुद्दाम सांगतोय कारण ओल्डहॅमने केलेली देशभरातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांची यादी १८८० च्या दशकात मेमॉयर्समध्ये छापली गेली, कोकणातल्या कुंडांवर काम करणाऱ्या कुणालाही ती उघडाविशी वाटेल, तेव्हा आधी तापमान बदलून घ्या, नाहीतर पाणी उकळून सांडेल.

पाण्याचं आणखी थोडं. धुळे-नंदुरबारकडे डाइक भरपूर, म्हणजे भेगेत घुसून थिजलेला लाव्हा, जमिनीत उभी काळी भिंत. जुन्या मेमॉयरमध्ये डाइकचा उल्लेख आला की ती जागा टिपून ठेवा. भूजल उताराने येतं, भिंतीला अडतं, वरच्या बाजूच्या विहिरीला पाणी आणि खालचा शेतकरी बोंबलतोय असं होऊ शकतं. पण डाइक स्वतःच भेगाळलेला असेल तर तोच पाणी वाहून नेतो, म्हणून जागेवर जाऊन बघायलाच लागतं. पूर्णा खोऱ्याचं तर फारच सरळ आहे, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात पूर्वी विहिरींतल्या खाऱ्या पाण्यापासून मीठ काढायचे, त्या मिठाच्या विहिरींचा उल्लेख जुन्या लिखाणात आहे. तो वाचलेला माणूस तिथं खोल बोअर मारून गोडं पाणी लागेल म्हणून लाखभर रुपये घालणार नाही.

सर्व्हेच्या रिपोर्टात पाणी कमी वाटलं तर जोडीला दोन गोष्टी घ्या. एक, मुंबई इलाख्याची जुनी जिल्हा गॅझेटियर्स, त्यात तालुकावार विहिरी, तळी, मोटेची शेती असं सगळं येतं. दुसरी, १९०१ ते १९०३ चं इरिगेशन कमिशन, १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनंतर नेमलेलं. भूजल हे वेगळं खातं व्हायला मात्र बराच काळ गेला, सर्व्हेचा भूजल विभाग १९७२ मध्ये केंद्रीय भूजल मंडळात गेला. म्हणून १९७२ च्या आधीचं सर्व्हेकडे शोधा, नंतरचं मंडळाकडे आणि आपल्या राज्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे.

खनिजांबद्दल एक किस्सा सांगतो. १९०३ च्या सुमारास दोराबजी टाटा नागपुरात अधिकाऱ्याला भेटायला गेले, साहेब जागेवर नव्हते, तर वेळ घालवायला समोरच्या म्युझियममध्ये शिरले. तिथं भिंतीवर जिऑलॉजिकल सर्व्हेचा नकाशा, दुर्गच्या बाजूला लोखंडाचा गडद रंग. ती माहिती प्रमथनाथ बोस यांच्या १८८७ च्या रिपोर्टातली. टाटांची माणसं गेली, लोखंड होतं, पण जवळ कोळसा नाही म्हणून सोडलं. मग १९०४ मध्ये त्याच बोसांनी जमशेटजींना मयूरभंजच्या लोखंडाबद्दल पत्र लिहिलं, त्यातून पुढे जमशेदपूर. आणि दुर्गचं ते दल्ली-राजहराचं लोखंड नंतर भिलाईला लागलं. यातून वाचायचं कसं ते कळतं, रिपोर्टात खनिज "आहे" एवढंच असतं, ते काढणं परवडेल का हे नकाशावरच्या दुसऱ्याच कुठल्या तरी रंगावर ठरतं.

म्हणून नदीच्या वाळूत सोन्याचे कण मिळतात असं वाचून फावडं घेऊन निघू नका. आधी बघा त्याने स्वतः धुऊन बघितलं की गावकऱ्यांकडून ऐकलं. ऐकलं असेल तर उजवं खातं. धुतलं असेल तर किती वाळूतून किती मिळालं ते आकडे बघा, बहुतेक वेळा दिवसाची मजुरी पण सुटत नाही असं त्यानेच पुढच्या ओळीत लिहिलेलं असतं. आणि खणायला परवाना लागतो, तो जुन्या रिपोर्टाने मिळत नाही.

शेवटचं काम शेतात. रिपोर्टातलं एकच वाक्य निवडा, ज्यात जागा नेमकी सांगितलीय, अमक्या गावाच्या ईशान्येला २ मैल, नाल्याच्या डाव्या काठाला. आजच्या नकाशावर अंदाजे जागा लावा, भूकोश या जिऑलॉजिकल सर्व्हेच्या वेबसाइटवरून आत्ताचा जिऑलॉजीचा नकाशा उतरवून शेजारी ठेवा, मार्च-एप्रिलमध्ये जा म्हणजे झुडपं वाळलेली असतात आणि दरड उघडी दिसते. फोटो काढा, फोटोत काठी नाहीतर पाण्याची बाटली ठेवा मापाला, मोबाईलचं लोकेशन लिहून घ्या. आणि तिथल्या म्हाताऱ्या माणसाला विचारल्याशिवाय परत येऊ नका, त्या आजोबांनी विचारलंच असतं मला, की आधी का नाही विचारलं, तर सांगायला तोंड नव्हतं.